नवरदेवाचा चहा

पीएच.डी. झालेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे आमच्या काळात कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. मी खाडीतल्या निवट्यांवर संशोधन केलं. गोराईच्या चिखलात गुडघाभर उतरून हे मासे पाण्याबाहेर श्वास कसा घेतात ते पाहिलं. पदवी मिळाली, आणि मग माझ्या गाइड सरांनी प्रयोगशाळेतच एक तात्पुरती फेलोशिप मिळवून दिली. ती दरवर्षी संपायची आणि सरांच्या शब्दावर पुन्हा सुरू व्हायची. त्या वर्षी सरच निवृत्त होणार होते. दिवाळीनंतर सर नाहीत, म्हणजे मीही नाही.

घाटकोपरच्या आमच्या घरात त्या फेलोशिपशिवाय दुसरी मिळकत नव्हती. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही.  आई भाकरी थापता थापता विचारायची, "तुजी नोकरी पर्मनंट कधी होतली गो? इतक्या शिकलंस तां कित्याक?"

पर्मनंट म्हणजे कॉलेजात लेक्चररची नोकरी. उपनगरात अशी जागा निघायची एखादी, आणि मुलाखतीला यायचे ते तेच आम्ही. बोरिवलीला भेटलेले मुलुंडला भेटायचे. प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेरच्या बाकांवर आमची चांगली सोयरीक जमली होती. जागा बहुधा आधीच कुणाची तरी ठरलेली असायची: त्याच कॉलेजात रजेच्या जागेवर राबलेल्या कुणाची, नाहीतर ट्रस्टींच्या नात्यातल्या माणसाची. त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो. बाकीचे आम्ही वऱ्हाडी. बसल्या बसल्या नवरदेव हेरायचा, तो आत जायच्या आधीच त्याचं अभिनंदन करायचं आणि त्याच्याकडून चहा उकळायचा, असा रिवाज होता. नवरदेवानं "छे छे, माझं कुठं काय" म्हणायचं, हाही रिवाजच. खुणा आम्हाला पाठ होत्या. शिपाई ज्याला न मागता पाणी देतो तो. ज्याला संडास कुठे आहे ते विचारावं लागत नाही तो. एवढं बारीक निरीक्षण मी निवट्यांचंही केलं नव्हतं.

मुलुंडला एक नवा चेहरा आला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जाडजूड फाइल, आणि घामाघूम. शिपायानं त्याला पाणी आणून दिलं. झालं! आमच्यातला सगळ्यात जुना वऱ्हाडी, ज्याचे केस मुलाखती देता देता पांढरे व्हायला लागले होते, तो सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काय नवरदेव, चहा कधी?"

"अहो, मी पहिल्यांदाच आलोय. इथे कुणाला ओळखत पण नाही ना."

"सगळे असंच बोलतात रे. चल, कटिंग मागव."

त्यानं गोंधळून चहा मागवला. आम्ही त्याची पाठ थोपटली. चहा पिता पिता त्याचा घाम सुकला, खांदे सरळ झाले, आणि तो आत गेला तो बोहल्यावर चढल्यासारखाच. आम्ही मात्र लग्न लागून गेलंय अशा थाटात एकेक आत जाऊन आलो. पॅनेलवरच्या एका वयस्कर बाईंनी मला विचारलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना श्वसन कसं शिकवाल? मी दोन वाक्यांत उरकलं. बाई थांबल्या होत्या, त्यांना आणखी ऐकायचं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले.

नोकरी त्यालाच लागली. आमचा अंदाज पुन्हा एकदा अचूक निघाला म्हणून मी थोडी खूशही होते. मग एक दिवस सर म्हणाले, "तिथे कुणाचंच ठरलेलं नव्हतं गं. त्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. तुझं काम वाचून आल्या होत्या. म्हणाल्या, मुलीला नोकरी नकोच होती बहुतेक."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या पोराला नवरदेव आम्हीच केला होता, तोही त्याच्याच चहावर.

दिवाळीच्या तोंडावर अंधेरीची मुलाखत आली. ती शेवटचीच. या वेळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. आईची ठेवणीतली साडी नेसले होते. संडास शोधून ठेवला. फाइल जाड दिसावी म्हणून तिच्यात कोरे कागद घातले होते. शिपायाला म्हटलं, दादा, सगळे जमले की मला जरा पाणी आणून द्या. बिचाऱ्यानं दिलं.

जुना वऱ्हाडी लगेच उठून आला. "काय गं, या वेळी तू? आम्हाला पत्ता पण लागू दिला नाहीस!"

"छे छे, माझं कुठं काय."

सगळ्यांनी अभिनंदन केलं. कोपऱ्यात एक मुलगी मघापासून गुपचूप बसली होती, तिनंही उठून हात मिळवला. मी नाक्यावरून सगळ्यांसाठी चहा मागवला, आणि खोटं कशाला सांगू, तो पिता पिता मला सगळं खरंच वाटायला लागलं. आत गेले आणि अशी बोलले की तशी आयुष्यात बोलले नव्हते. निवटी कल्ल्यांत पाणी साठवून चिखलावर कशी तग धरते, हे मी हातवारे करून सांगितलं. पॅनेल अगदी मान डोलावून ऐकत होतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "वा! फार छान. एवढं शिकलात, मग इथे कशाला अडकून पडताय?" आणि त्यांनी पुढच्या उमेदवारासाठी घंटी वाजवली.

बाहेर आले. शिपायानं लगबगीनं दार धरून ठेवलं. कोपऱ्यातली ती मुलगी उठली, आत जाता जाता थांबली आणि रिकामा ग्लास माझ्या हातात देत गोड हसून म्हणाली, "चहा झकास होता हां मॅडम. आमच्या कँटीनचा असा नसतो."