खिशातला बेडूक
फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहिलं की त्या शेवाळी वासाने मला भोकरदनची एक बैठक आठवते आणि कान गरम होतात. प्राणिशास्त्र शिकताना बदनापूरजवळच्या दलदलीत मला नखाएवढे बेडूक सापडले होते. सर म्हणायचे, ही साध्या बेडकाची पिल्लं. मी ठासून सांगायचो, हे पूर्ण वाढलेले आहेत, चिमुकल्या बेडकांच्या निराळ्याच प्रजातीतले. त्या दिवशी एक बेडूक औषधाच्या बाटलीत घातला, बाटली खिशात घातली आणि एसटीने थेट भोकरदनला मुलगी पाहायला गेलो. सांज झाली होती, अंगणातल्या डबक्यात बेडकांनी सूर लावला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पाव्हणे, पुढं काय करायचा इचार हाय?” मी तोंड उघडणार तोच खिशातून आवाज आला, “कर्रर्र!” सगळे माझ्या पोटाकडे पाहू लागले. “उपाशीच आल्ते का काय?” मुलीचे मामा कळवळले. मी मात्र टुणकन उठून बाटली बाहेर काढली आणि ओरडलो, “वयात आलाय! पिल्लं असं ओरडत न्हाईत!” पोह्यांची बशी पालथी झाली, मुलगी पदरात तोंड खुपसून आत पळाली आणि वडील शांतपणे म्हणाले, “मंग आधी त्याचंच लगीन उरका.” स्थळ तिथंच मोडलं. पण दोन दिवसांनी तोच बेडूक सरांच्या टेबलावर ओरडला आणि सरांनी मुकाट्याने त्याला माझ्या प्रजातीत बसवलं. मला हा सौदा आजही फायद्याचा वाटतो. बायको म्हणते, फायदा झालाच, पण त्या मुलीचा.