अर्धं राहिलेलं लोटांगण

महायुद्धात आम्ही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होतो. निजामाची रयत, पण भरती झालेलो इंग्रजांच्या पलटणीत. मी नायक, अंबादास शिपाई. दोघंही भूमजवळच्या एकाच गावचे. अठ्ठावीस दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही कलकत्त्याच्या ट्रान्झिट कॅम्पात आलो. गाडीसाठी तिथं पाच दिवस थांबावं लागलं. दोघांत एकच मच्छरदाणी होती, अंबादासची. ती त्यानं मला दिली. मी नको म्हणालो नाही.

निघायच्या सकाळी मेडिकल ऑफिसरनं सगळ्यांना फॉल-इन करून रांगेत उभं केलं. कॅम्पात डासांनी पसरणारा डेंगीचा ताप आहे, वाटेत ताप आला तर जवळच्या दवाखान्यात रिपोर्ट करा, ताप उतरला तरी दोन दिवस बिछाना सोडू नका, असा हुकूम झाला. तो मला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी गाडीतच अंबादासला ताप भरला. हाडं कुणी मुसळानं कुटतंय, असं तो म्हणत होता. येडशीला उतरलो तेव्हा त्याला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं माझ्या मनात होतं. पण त्याचा नवस होता. दोघं जिवंत परतलो तर घराचा उंबरा ओलांडायच्या आधी तुळजापूरला ओलेत्यानं लोटांगण घालीन, असं तो खंदकात बोलला होता. आम्ही मोटारीनं तुळजापूर गाठलं आणि आमच्या पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. त्याच्या आईला निरोप धाडला.

तिथं तो तीन दिवस पडून होता. सोलापूरची मोटार रोज सकाळी सातला कोपऱ्यावर उभी राहायची. मी त्याला तिच्यात बसवलं नाही. खरं सांगायचं तर मला माझी रजा दवाखान्याच्या दारात घालवायची नव्हती. घरी माझी मुलगी जन्मली होती, तिला मी अजून पाहिलं नव्हतं.

चौथ्या सकाळी ताप उतरला. त्यानं दूध-भाकरी खाल्ली. छातीवर लाल पुरळ होतं. पुजारीणबाई म्हणाल्या, उष्णता बाहेर पडतेय.

"दादा, अंग मोकळं झालं," तो म्हणाला. "आता उरकून टाकतो अन् घरी जाऊ."

मी वरिष्ठ होतो. "झोपून राहा" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चल."

देवळाच्या आवारातल्या कल्लोळ तीर्थात आंघोळ करून तो ओल्या कपड्यांनी देवळाभोवती निघाला. आडवं व्हायचं, हाताच्या टोकाशी खूण करायची, उठून तिथून पुन्हा. मी शेजारून चालत होतो. देवळाच्या मागच्या बाजूला तो उठलाच नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं. अंग गार पडलं होतं.

"दादा, जरा थांबतो," म्हणाला.

सोलापूरची मोटार केव्हाच निघून गेली होती. दुसरी मिळेना. दुपारी साडेतीनला अंबादास गेला. गोळीबारातून सुटलेला माणूस माझ्या घाईनं गेला.

संध्याकाळी त्याची आई बैलगाडीनं पोचली. मुलाला भेटायला आली होती, अग्नी द्यायला उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, मच्छरदाणीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "कुठवर आला हुता त्यो?"

मी सांगितलं.

"मला सुतक हाय, मला आत जाता यायचं न्हाय. फुडचं तू घाल. नवस दोघांसाठी हुता, बाळा."

मी कल्लोळात बुडी मारली. त्याची शेवटची खूण पुसली गेली होती, पण जागा मी विसरलो नव्हतो. तिथून आडवा झालो. फरशी गार होती. इतका एकटा मी आघाडीवरही कधी नव्हतो.

बाहेर आलो तर ती महाद्वाराशी उभी होती.

"झालं?"

"झालं."

"मग जा घरी. तुझी लेक वाट बघत आसंल."

रजा संपल्यावर येडशीला एकटाच गाडीत बसलो. बिस्तऱ्यात अंबादासची मच्छरदाणी होती.