कासवाच्या पेटीला फिनेलचा वास

मैत्रिणींनो, आज सकाळी नातीच्या कासवाची पेटी मी हौसेनं फिनेलनं पुसली. तेव्हापासून ते डोळेच उघडत नाही.

हीच चूक मी शाळकरी असताना, पंचाहत्तरच्या सुमारास, मंगळवार पेठेतल्या घरी केली होती. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मनावर बिंबवलेलं. शेजारच्या हमीदाचाची केवढ्यानं ओरडल्या, "अगं, कासवाचं घर हाय की मोरी? साध्या पाण्यानं धू, उन्हात वाळव!" त्यांनीच तीन दिवस जपून आमचं तेव्हाचं कासव वाचवलं.

आत्ताही पेटी धुऊन उन्हात ठेवली आहे. कासव माझ्या मांडीवर आहे. ओरडायला चाची मात्र नाहीत.

नात पाचला शाळेतून येईल. तोवर ते डोळे उघडेल ना?