रोटाची सहावी मूठ

त्या वर्षी श्रावणात कानबाई देवी बसवायला माझं मनच घेत नव्हतं. धाकटा दीर प्रकाश, ज्याला मी आठ वर्षांचा असल्यापासून लहानाचं मोठं केलं, तो फुटबॉल खेळायला कलकत्त्याला निघून गेला त्याला दोन वर्षं झाली होती. जाताना आबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, त्याचं चांगलंच वाजलं. शेताकडे पाठ फिरवून चेंडूमागे पळणारा आमचा कोणी नाही, असं म्हणून आबांनी घरात त्याचं नाव काढायची बंदी केली. आबांवर रुसता येत नव्हतं, म्हणून मी देवीवर रुसले.

आमच्या खानदेशात कानबाईच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचा, गहू घरातल्या पुरुषांची नावं घेऊन मोजतात, एकेकाच्या नावाची सव्वा मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि उरूही द्यायचा नाही. आबांनी चार नावं घेतली: त्यांचं स्वतःचं, आमच्या ह्यांचं आणि माझ्या दोन्ही मुलांचं. मी चार वाटे टाकले आणि आबांची पाठ वळताच पाचवाही टाकला. मग पाण्याला गेले, तर वाटेतच मनात आलं, देवीशी लबाडी केली, आता खाणारा कुठून आणू? जात्यावर बसल्यावर तिला एवढंच म्हटलं, टाकायचं ते टाकून बसले बाई, पुढचं तुझं तू बघ.

रविवारी दुपारी नैवेद्य झाला आणि चौकटीखाली वाकून एक धिप्पाड, काळाभोर परदेशी माणूस दारात उभा राहिला. पोरं आत पळाली. आमचे हे हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्याचं बोलणं उलगडलं. त्याचं नाव ग्रेगरी, गाव सातासमुद्रापार त्रिनिदाद बेटावर. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलेलं, आजवर तीन देशांत खेळलेला. आता कलकत्त्यात बचावफळीत आमच्या प्रकाशच्या शेजारी उभा राहायचा. जळगावला सामना खेळून संघ मुंबईला निघाला होता, मधला एक दिवस मोकळा होता. प्रकाश आमच्या धरणगावापर्यंत आला, पण घराकडे पाऊल उचलेना. एसटी स्टँडवर बसून राहिला होता.

आबा खांबाला टेकून बसले होते. ग्रेगरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि जे बोलला ते ह्यांनी अडखळत सांगितलं: "माझी आई गेली तेव्हा मी परक्या देशात सामना खेळत होतो. मला नंतर कळलं. तुमच्या मुलाचं तसं होऊ देऊ नका."

मला रडू आवरेना. तेवढ्यात त्याची नजर नैवेद्याच्या ताटाकडे गेली आणि तो सरळ म्हणाला, "रोट?" आम्ही चकित झालो. उसाच्या मळ्यांवर राबायला इकडून गेलेल्यांची घरं त्याच्या शेजारी होती म्हणे. अंगणात झेंडा लावून ती माणसं मारुतीला रोट करायची, आणि कुंपणावरून त्याच्या हातावर ठेवायची.

मी आबांचे पाय धरले आणि पाचव्या मुठीचं कबूल करून टाकलं.

"पोरी, तुना हात मी देखा नही," ते म्हणाले. "तू पाणीले गयी, तव्हय मी बी प्रकाशना नावनी एक मूठ टाकी व्हती."

म्हणजे सहा! एक माझ्या प्रकाशची, दुसरी कुणाची? आबांनी ग्रेगरीच्या खांद्यावर हात ठेवला. "हाऊ बी भाऊबंदच शे," म्हणाले, आणि ह्यांना स्टँडवर पिटाळलं.

प्रकाश आला, आबांच्या पायांवर कोसळला. सगळे एका पंगतीत बसले. रोटाचा कण उरला नाही. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली तेव्हा आमचे दोन्ही बचावपटू ढोलापुढे असे नाचले की अख्खी गल्ली गच्चीवर चढली, आणि आबा ज्याला त्याला सांगत सुटले, दोन्ही माझेच.

ग्रेगरी पुढे आणखी कुठल्या कुठल्या देशांत खेळला. पत्रं यायची, मग थांबली. मी त्या दिवसाला चमत्कार म्हणत नाही. माझ्या हातून भीतभीत जे पडलं, ते तिने सांभाळून घेतलं, एवढंच मला ठाऊक आहे. तेव्हापासून हिशेब मी तिच्यावर सोडलाय. आबा गेले, नातवंडं आली, मोजणी बदलत राहिली. पण दर श्रावणात एका मुठीला मी ग्रेगरीचं नाव घेते. तो कुठे आहे मला माहीत नाही. कानबाईला आहे.