रिकाम्या मांडीचा फोटो

"हसायला सांगू नका, भाऊ. हा फोटू हसायचा न्हाय."

एवढं बजावून ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही तळहात उताणे करून तिनं मांडीवर ठेवले, तान्हं मूल धरल्यासारखे. भूमच्या एस.टी. स्टँडसमोर माझा स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर निळंशार तळं रंगवलेलं. त्या दुष्काळात तालुक्यात भरलेलं तळं तेवढं एकच.

शेजारी डॉक्टरांचा दवाखाना. मूल न होणाऱ्या बायांना त्यांच्या सुईचा गुण येतो, अशी ख्याती होती. जिला मूल होई, तिनं पेढे वाटायचे आणि बाळाचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लावायचा, हा तिथला रिवाज. फोटो मीच काढायचो. भिंत गुटगुटीत बाळांनी भरली होती. जिला झालं नाही, ती कशाला फोटो काढून घेईल? डॉक्टर सहकारी बँकेचे संचालकही होते. फक्त नफाच भिंतीवर टांगायचा, हे त्यांना शिकवावं लागलं नसावं.

ती भिंत बघत ही वर्षानुवर्षं बाकावर बसली. दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि बाजारच्या दिवशी सुया टोचून घ्यायची. त्याच काळात तामलवाडीची बहीण आपली धाकटी मुलगी तिच्या ओटीत घालायला तयार झाली. हिनं डॉक्टरांना विचारलं. "घाई कशाला? तुझं स्वतःचं होईल की," डॉक्टर म्हणाले. हिनं बहिणीला नको म्हटलं. मुलगी बहिणीच्या नणंदेकडे गेली आणि तिलाच आई म्हणू लागली.

पुढं एकदा औषधं बंद करताना डॉक्टर म्हणाले, "तुझ्या नळ्या बंद आहेत. पहिल्यापासून मला वाटत होतंच. पण तुझं तोंड बघून नाही म्हणवेना."

त्यांच्या आवाजात खरी माया होती, असं तीच सांगायची. असे मायाळू लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्यावर धड फिर्यादही करता येत नाही.

तिनं फिर्याद केली नाही. माझ्याकडे येऊन तो रिकाम्या मांडीचा फोटो काढला, त्याला चौकट करून घेतली आणि दोन बाळांच्या मधे स्वतः खिळा ठोकून लावली. डॉक्टरांनी ती काढायला लावली. तिनं दुसरी प्रत आणून लावली. निगेटिव्ह माझ्याकडे होती आणि मीही ती कधी हरवू दिली नाही.

दवाखान्याच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन साखर कारखान्याच्या चेअरमनांनी केलं. हार झाले, नारळ झाला, भाषणात कर्तृत्वाचा वटवृक्षही झाला. "ही भिंतच डॉक्टरांचं काम सांगते!" म्हणून चेअरमनांनी हात केला, तो नेमका हिच्या फोटोकडे. त्यांनी फोटो निरखला. "ह्या बाईंचं बाळ कुठाय?"

"ते डाक्टरला इचारा, सायेब," बायांच्या घोळक्यातून ती म्हणाली.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

संध्याकाळी ती माझ्याकडे बसलेली असताना डॉक्टर आत आले. हार अजून गळ्यातच होता.

"मी नाही म्हटलं असतं, तर तू एखाद्या बुवाकडे गेली असतीस."

"गेले असते. बुवानं अंगारा दिला असता. भनीची पोरगी घिऊ नको, असं न्हाय म्हनला असता."

डॉक्टरांनी हार काढला. "काय पाहिजे तुला?"

"फोटू तुमच्या खुर्चीम्होरं लावा. जिचं व्हणार न्हाय, तिला तसं तोंडावर सांगा. म्या भाइर बाकावर बसून ऐकणार."

फोटो डॉक्टरांच्या समोर लागला आणि दर बाजारी ती बाकावर येऊन बसू लागली. काम नाही, औषध नाही, नुसती बसायची. तिला बघितलं की डॉक्टरांचा हात प्रिस्क्रिप्शनवर अडखळतो, असं कंपाउंडर सांगायचा. ते ऐकून तिला बरं वाटायचं आणि ते ती लपवायचीही नाही.

एका बाजारी एक नवी सून दवाखान्यातून बाहेर आली आणि पायरीवरच मटकन बसली. ही बाकावरून उठून तिच्यापाशी गेली.

"न्हाय म्हनला व्हय?"

पोरीनं मान डोलावली.

तिनं वळून आत बघितलं. डॉक्टर खाली मान घालून बसले होते. पोटभर बघून घेतल्यावर ती पोरीशेजारी टेकली.

"रड. मला ह्यानं रडूबी दिलं न्हाय."

पोरगी रडत राहिली. हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, डोळेही पुसले नाहीत. हुंदके जरा थांबल्यावर तिनं विचारलं, "भनी किती तुला? लेकरं हायत का त्यांस्नी?"