आबांची लांब प्रार्थना

आमच्या जळगावच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या मध्यावर एक प्रार्थना असते. छापील क्रमात तिचं नाव ‘मध्यस्थीची प्रार्थना’ असं आहे. आम्ही सगळे तिला ‘लांब प्रार्थना’ म्हणतो. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, नोकरी शोधणारे, देशाचे अधिकारी आणि पाऊस, सगळे तिच्यात येतात. गेली वीस-बावीस वर्षं ती आबा करतात.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले, धुळ्याकडच्या खेड्यातले, आता ऐंशीच्या पुढचे. घरी अहिराणी बोलतात; पण प्रार्थनेला उभे राहिले की त्यांच्या तोंडी जुन्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठी येते. हातात कागद नसतो. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरायची, डोळे मिटायचे आणि माणसं जशी बसतात त्या क्रमाने, बाकामागून बाक, पुढे जायचं. कोणत्या बाकावर कोण बसतं आणि त्याच्या घरात काय चाललं आहे, हे त्यांना बसल्याजागी ठाऊक असे. आमचा बाक उजवीकडचा तिसरा.

माझ्या पत्नीच्या आजारपणात आबा वर्षभर तिच्यासाठी मागत होते. उन्हाळ्यात ती गेली. आबा दफनभूमीत आले होते, त्यांनी मूठमाती दिली, माझा हात धरून बराच वेळ उभे राहिले. चौथ्या दिवशी रविवार होता. साडेनऊ वाजता दुसरं काय करायचं ते न सुचल्यामुळे मी उपासनेला गेलो. आबा उभे राहिले, पहिला बाक झाला, दुसरा झाला, आणि मग ते म्हणाले, “हे दयाळू पित्या, तुझी दासी, आमची बहीण, जी अंथरुणाला खिळली आहे, तिला हात धरून उठव.”

मंडळीत कोणी हललं नाही.

उपासना संपल्यावर आबांची सून माझ्याकडे आली आणि पदर तोंडाशी धरून माफी मागू लागली. मी म्हटलं, होतं असं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही. पावसाळा आला, गेला, आणि आबांच्या प्रार्थनेत माझी पत्नी आजारीच राहिली.

दिवाळीनंतर एका दुपारी आमच्या पाळकबाई, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरू, मेहरूणला माझ्या घरी आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. बाईला पाळक म्हणून बोलवावं की नाही यावर आमच्याकडे दोन वर्षं वाद चालला होता, आणि माझी पत्नी तेव्हा घरोघर फिरून लोकांना समजावत होती. मी चहा केला. त्यांनी मोबाइल काढून येणारे कार्यक्रम वाचून दाखवले: हंगामाची, म्हणजे नव्या पिकाबद्दल उपकार मानण्याची, उपासना, त्या दिवशी धुळ्याची मंडळी पाहुणी, दुपारी भरताचं जेवण, मग शेजारच्या बुद्धविहाराबरोबर मिळून डोळे तपासणीचं शिबिर, मग नाताळच्या गीतांचा सराव. हे सगळं मला ग्रुपवर आलेलं होतं. म्हणजे त्या दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या.

“सर, वाईट वाटून घेऊ नका.”

“बोला.”

“हंगामाला अक्का येणार आहेत.”

अक्का म्हणजे पत्नीची थोरली बहीण. धुळ्याच्या मंडळीतल्या वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या सभासद, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि चूक दिसली की जागच्या जागी दाखवणाऱ्या. दफनानंतर त्या जळगावला आल्या नव्हत्या.

पाळकबाई म्हणाल्या, “वडीलमंडळात चर्चा झाली. त्या दिवशी प्रार्थना दुसऱ्या कोणाकडे द्यावी असं बहुतेकांचं मत आहे. एकदा दिली की मग पुढेही तसंच ठेवता येईल. एका भाऊंनी तर मुद्दा काढला, की मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं आपल्या शिकवणुकीत बसत नाही.”

“मग?”

“मी म्हटलं, आबा मेलेल्यासाठी कुठे करतात? ते तर जिवंत समजून करतात.” त्या हसल्या आणि लगेच ओशाळल्या. “पण दर आठवड्याला तुमच्या जखमेवर हात पडतो. तुम्ही सांगाल तसं करायचं ठरलं आहे.”

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. लोकांनी मागितलेलं काढून द्यायचं, आपलं मत द्यायचं नाही, ही सवय. आता एका म्हाताऱ्या माणसाचं वीस वर्षांचं काम राहणार की जाणार, हे माझ्या होकारावर येऊन थांबलं होतं.

“आबांकडून काढू नका,” मी म्हणालो.

“हे आबांसाठी सांगताय की स्वतःसाठी?”

खरं ते सांगितलं. आबा तिसऱ्या बाकाशी येतात तेव्हा दोन वाक्यांपुरती ती मागच्या खोलीत पलंगावर असते आणि तिच्यासाठी अजून काही मागता येतं. त्या दोन वाक्यांनी मला दुखत नाही. उलट रविवारची मी वाट पाहतो. पाळकबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “पण अक्कांना ते दुखेल.”

ते बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेलो. शांतपणे सांगावं, ते समजून घेतील, असं वाटलं. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

“या, या भाऊ. बठ्ठं बरं शे ना घरमा?” घरी सगळं बरं ना, असं ते विचारत होते.

मी शेजारी बसलो आणि सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जो मोडला तो मला बघवला नाही. “माले कोनी सांगं नही,” असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले. सून दारात उभी होती. हळूच म्हणाली, “चारदा सांगितलं हो. दर वेळी असंच रडतात, नि रात्री जेवत नाहीत. सकाळी उठले की पुन्हा काही नाही.” मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. माझ्या पत्नीसाठी कोणीतरी नव्याने रडत होतं आणि मी त्याची समजूत घालत होतो. अर्ध्या तासाने मी उठलो तेव्हा डोळे पुसत त्यांनी विचारलं, “मंग, आता कशी शे ती?”

“बरी शे, आबा,” मी म्हणालो.

हे पाचवं सांगणं. सहावं करायचं नाही, एवढं मी घरी येताना ठरवलं. पाळकबाईंना फोन करून म्हटलं, आबांनाच करू द्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहीन. ते तिच्यासाठी मागतील, आणि लगेच मी तिच्याबद्दल उपकार मानीन. अक्कांच्या कानावर दोन्ही गोष्टी पडतील.

“तुम्ही? सगळ्यांपुढे?” त्यांना आश्चर्य वाटलं, आणि ते साहजिक होतं. तीस वर्षांत मी मंडळीत मोठ्याने प्रार्थना केली नव्हती.

हंगामाच्या रविवारी व्यासपीठापुढे यावलच्या एका कुटुंबाने आणलेले केळीचे घड, ज्वारीची कणसं, कापूस आणि हिरव्या वांग्यांची टोपली मांडलेली होती. धुळ्याची बस थोडी उशिरा आली. अक्का सरळ तिसऱ्या बाकाकडे आल्या आणि खिडकीजवळ, पत्नीच्या जागेवर बसल्या. मला म्हणाल्या, “वाळलात हो. जेवता की नुसतं वाचता?”

गीत झालं. आबा उठले. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. माझं वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. तरी आबांसारखी मीही समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

पहिला बाक. दुसरा बाक. “तुझी दासी, आमची बहीण, जी अंथरुणाला खिळली आहे, तिला हात धरून उठव,” आबा म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले.

“आणि प्रभू,” मी म्हणालो, “तू ती आम्हांला दिलीस, तिचं दुखणं संपवलंस आणि तिला विसावा दिलास, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो.”

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे वळले. शास्त्राची मराठी क्षणात गळून पडली.

“थांब ना भाऊ! उपकार मंग मान. पहिले तिले बरी तर होऊ दे!”

मग माझ्या मागे अक्का हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. रुमाल तोंडावर दाबला तरी थांबेनात. मग मागचे बाक हसले, पाळकबाई हसल्या, मुद्दा काढणारे भाऊ हसले. ती गेल्यापासून तिच्या निमित्ताने कोणी हसलं नव्हतं. ती स्वतः मात्र दुखण्यातही डॉक्टरांच्या नकला करायची. मीही हसलो. आबांनी सगळ्यांना थोडा वेळ दिला, पुन्हा डोळे मिटले आणि चौथ्या बाकाकडे गेले.

दुपारी आवारात पंगत बसली. तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजण्याचं काम पुरुषांकडे होतं, त्यामुळे सगळ्यांच्या शर्टांना धुराचा वास होता. भरीत तिखट झालं होतं. अक्कांनी ते सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतलं. मग ताट हातात घेऊन त्या आबांच्या शेजारी जाऊन बसल्या. पाळकबाई आणि मी, दोघंही जेवायचे थांबलो.

“आबा, माझाही गुडघा फार दुखतो. माझ्यासाठी मागाल का?”

“मागसू ना. तू कोन?”

“तिची मोठी बहीण.”

आबांनी मान हलवली. “मंग दोन्ही बहिनीसनं एकदमच मागस.”

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “मागा. पण तिचं आधी.”

त्या महिन्यात वडीलमंडळाची बैठक झाली. नाताळची गीतं, डोळ्यांच्या शिबिरासाठी विहारातून आणायच्या खुर्च्या आणि गच्चीवरची गळकी टाकी, एवढेच विषय होते.