वहिनीचा वसंत आणि एक हिरवा शर्ट

ऋतूंना शिस्त लावणारी माणसं फार थोडी जन्माला येतात, आणि त्यांतली एक आमच्या घरात सून म्हणून आली. ऋतूंनी ती शिस्त मानली असं मी म्हणणार नाही. पण आंबी गावाच्या पलीकडे एका वाडीतल्या प्राथमिक शाळेची मुलं ती मानत आली, आणि माझ्या थोरल्या वहिनीला तेवढं पुरत असे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने आमच्या तळेगावच्या घरातल्या, बर्फाचे डोंगर आणि राजहंस असलेल्या चित्राकडे पाहून वडिलांना विचारलं, "हे कुठलं?" वडील म्हणाले, "कुठलं म्हणजे, असंच आपलं." वहिनी अगदी अदबीने म्हणाली, "असंच कुठे असतं?" वडील दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी राजहंस माळ्यावर गेले.

शाळेत तिचा नियम एकच: या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही. महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल दोन टोकदार डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य घेऊनच जन्माला येतं. वहिनी त्याला खिडकीशी नेऊन विचारायची, "यातला कुठला डोंगर टोकाचा आहे?" मावळातले बहुतेक डोंगर माथ्यावर सपाट, तेव्हा मूल खोडरबर शोधायला लागायचं. एकदा एकाने उत्तर दिलं, "बाई, माझ्या मामाच्या हितनं तिकोना दिसतो, त्यो टोकाचाच हाय की!" वहिनी म्हणाली, "मग मामाकडे जाशील तेव्हा काढ." तो पुढच्याच रविवारी मामाकडे गेला आणि काढून आला. ते चित्र तिने वर्षभर वर्गात लावून ठेवलं होतं.

फाल्गुन लागला की शाळेची कुंपणाची लांबलचक भिंत मुलांच्या ताब्यात यायची. रंग बाजारचे नाहीत. पळसाची फुलं उकळून केशरी, हळदीचा पिवळा, गेरू, सावरीच्या फुलांसाठी बीट, आणि काळ्यासाठी वणव्यात जळालेल्या उतारावरचा कोळसा. म्हणजे डोंगराचं चित्र डोंगरानेच काढायचं. दादाचे जुने शर्ट उलटे घालून मुलं रंगवायला बसत, त्यामुळे दादाचे नवे शर्ट फार लवकर जुने होत. एकदा पळस उकळायला पातेलं मिळेना, म्हणून खिचडीच्या पातेल्यात उकळला आणि ते घाईत विसळलं. त्या दिवशी खिचडी भगवी झाली. स्वयंपाकाच्या मावशींनी कपाळावर हात मारला, पण पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं. नंतर महिनाभर मुलं विचारत होती, "मावशे, आज रंगाची खिचडी न्हाई व्हय?"

गेल्या वसंतात मात्र भिंतच जायची वेळ आली. जवळच्या एका कारखान्याने ऑइलपेंटचे डबे आणि एक पेंटर पाठवून दिला. भिंतीवर कायमचा वसंत काढायचा होता: हिरवे डोंगर, झोपडी, कोकीळ. वहिनी मेअखेरीस निवृत्त होणार होती, म्हणजे तिची ही शेवटची भिंत. मुलांची भिंत ठेवायची की पेंटरला द्यायची हे ठरवायला तालुक्याहून साहेब येणार होते. "भावजी, तुम्ही या," मला निरोप आला. कुटुंबाचा आधार म्हणून बोलावलं असेल असं मला वाटलं. पोचल्यावर कळलं, बादल्या उचलायच्या होत्या.

साहेब आले. झगझगीत पोपटी शर्ट, मागे डबे घेऊन पेंटर. भिंतीवर काळा डोंगर, निष्पर्ण सावर, पेटलेला पळस. साहेब बराच वेळ पाहून म्हणाले, "बाई, वसंत ना हा? मग सगळं करपलेलं कशाला?"

"करपलंयच, साहेब," वहिनी म्हणाली.

चौथीतली वैष्णवी पुढे झाली. "साहेब, मागं वळा की. मंगळवारी वणवा लागलता तितं. कोळसा तितनंच आणलाय आमी."

साहेब वळले. डोंगर काळाठिक्कर उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी एकच पळस फुलांनी पेटला होता. ते एकदा तिकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण थोडं तरी हिरवं पाहिजे. तेवढं दाखवा, भिंत तुमची."

मुलांनी लगेच आंब्याची पानं उकळली. पाणी तपकिरी झालं. पुन्हा उकळली, जास्तच तपकिरी झालं. वहिनीचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. शेवटी पेंटरलाच दया आली आणि त्याने हिरव्याचा डबा उघडून दिला. आता या हिरव्याने रंगवायचं काय? वैष्णवी साहेबांकडे टक लावून म्हणाली, "साहेबांचा शर्ट. येवढं हिरवं तर रानात पानबी न्हाई."

वहिनीने तिला दटावलं नाही. शर्टाकडे नीट पाहून ती एवढंच म्हणाली, "पाहिलाय ना या आठवड्यात? मग काढा."

साहेब माणूस चांगला. रंगवलेल्या सावरीशेजारी पोट आत घेऊन उभा राहिला. वैष्णवी म्हणाली, "साहेब, पोट सोडा. बाई हाय तसंच काढायला लावत्यात." साहेबांनी पोट सोडलं, भिंत मुलांना सोडली, आणि जाताना चित्राशेजारी स्वतःचा फोटो काढून घेतला. आयुष्यात मी छाती काढून फार ठिकाणी उभा राहिलेलो नाही. त्या दिवशी दोन्ही हातांत बादल्या असताना राहिलो. वहिनी मात्र पाठ करून धुतलेलेच ब्रश पुन्हा पुन्हा धूत होती.

भिंत दरवर्षी पावसात धुऊन जायची. वहिनीला कधी खंत नसे. "पुढच्या मुलांना जागा नको का?" म्हणायची. या वेळी तिचं पुढचं वर्षच नव्हतं. श्रावणात तिला राहवेना, म्हणून मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवागार झाला होता. भिंतीवरचा डोंगर, पळस, सावर, सगळं वाहून गेलं होतं. वहिनीने ओल्या भिंतीवरून हात फिरवला. "बरं झालं," ती म्हणाली. "आता ते चित्र खोटं पडलं असतं."

साहेबांचा शर्ट तेवढा पोटासकट जागेवर होता. तो ऑइलपेंटचा होता.